चप्पल विकणारा भाचा, अनवाणी आत्या

वसईतल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात अनवाणी चालणं हा कुणाचा छंद नाही. मासळी सुकवायच्या खळ्यावर, होडीच्या फळ्यांवर, ओहोटीच्या ओल्या वाळूत चप्पल आड येते, म्हणून ती काढलेली असते. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिथे कुणाला वाटत नाही. पण गोष्ट खळ्यावरून रस्त्यावर आली आणि घरात साखरेचा रिपोर्ट आला की वादाला तोंड फुटतं.

हा वाद ओळखीच्या दोघांचा. आत्या सत्तरीला टेकलेल्या. नवऱ्याची होडी होती तोवर बंदरावर मासळी निवडली, आता बोंबील आणि जवळा सुकवून विकतात. भाचा वसई स्टेशनजवळ चपलांचं लहानसं दुकान चालवतो. आत्यांना यंदा मधुमेह निघाला, म्हणून भाच्याने त्यांना एमसीआरची चप्पल आणून दिली. मधुमेहींना आणि ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे अशांना देतात ती, मऊ रबराच्या तळाची. ती खोक्यातून बाहेर आलेली नाही. आत्यांची कोळी बोली मी लिहिताना बरीच निवळून घेतली आहे. तिखटपणा तेवढा राहू दिला.

भाचा : आत्या, खोकं अजून कपाटावरच दिसतंय.

आत्या : दिसणारच. पाय फुटलेत का त्याला?

भाचा : चेष्टा पुरे. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही.

आत्या : डॉक्टर कधी खळ्यावर आलाय? जवळा पसरला की तो सारखा हलवायचा, उलटायचा, पाऊल टाकायला मध्ये वाट ठेवायची. लोक खाणार तो. गटार ओलांडून आलेली चप्पल मी त्यात नेऊ? शेतकरी तरी मळणीच्या खळ्यात वहाण घालून शिरतो का? आणि होडीवर तुझ्या काकांनी कुणाला चप्पल घालून चढू दिलं नाही. ती पोट भरते आपलं.

भाचा : देवाधर्माचं राहू दे. ओल्या फळीवर रबर सटकतं, हे खरं कारण.

आत्या : दोन्ही खरंच. सटकून पाण्यात पडलास तर बाहेर कोण काढणार? देवच ना?

हा युक्तिवाद भाच्याला खोडता आला नाही, मलाही नाही. होडी हलत असते, फळीवर पाणी आणि मासळीचा चिकटा असतो, हातात दोर असतो. अशा वेळी बोटं फाकवून फळी धरणारा पाय कामाचा. पायाखाली सैल चप्पल असली तर ती फळीवर सटकते आणि पाय चपलेत सटकतो. डोल जाळ्याला जाणारे खलाशी पावसाळी गमबूट घातलेलेही दिसतात, पण त्यांची तक्रार एकच असते : बुटात पाणी भरलं की पाय जड होतो.

भाचा : बरं, होडीवर नको. खळ्यावर नको. मग रस्त्यावर का नाही? पाटी घेऊन बाजारात जातेस तेव्हा का नाही?

आत्या : होतच नाही पायाला. तुझ्या दुकानात माझ्या मापाची एक तरी आहे का, सांग.

इथे भाचा गडबडला, कारण प्रश्न त्याच्या धंद्याचा होता. चपलेचा नंबर लांबीचा असतो. रुंदीला आपल्याकडे बहुतेक दुकानांत नंबरच नसतो. आत्यांना लांबीला सहा पुरतो, पण पंजा आठात मावतो. सहा दिली की करंगळी पट्ट्याबाहेर लोंबते, आठ दिली की टाचेमागे दोन बोटं रबर उरतं आणि प्रत्येक पावलाला फटाक फटाक वाजतं. हे पाऊल जवळून पाहण्यासारखं आहे. अंगठा बाकीच्या बोटांपासून सुटा, मध्ये सहज पेन्सिल मावेल एवढी फट. पाचही बोटं जमिनीला टेकलेली. शहरातल्या पायांसारखी एकावर एक चढलेली नाहीत. टाचेला भेगा, भेगांत काळी रेघ, तळव्याची कातडी राठ. भाचा म्हणतो, कोळीवाड्यातली जुनी बाई दुकानात आली की तोंड बघायच्या आधी पावलावरून कळतं.

आत्या : मग चूक कुणाची? पायाची की चपलेच्या साच्याची?

या प्रश्नाला आधार आहे. 1992 साली उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण 8.6 टक्के निघालं, अनवाणी वाढलेल्या मुलांत 2.8 टक्के. माणसाच्या एका पावलात 26 हाडं असतात. कमान त्यांच्या आणि स्नायूंच्या कामातून घडते. लहानपणीच पाऊल डब्यात बंद केलं तर ते काम कमी पडत असावं, असा त्याचा रोख आहे. मी हे दोघांना सांगितलं. आत्यांनी भाच्याकडे बघितलं.

भाचा : दादा, पुढचंही सांगा ना. सगळ्यात जास्त सपाट पाय बंद बुटातल्या पोरांचे होते, चपला-सँडलवाल्यांचे त्याहून कमी. मी बूट कुठे आणलाय? चप्पलच आणली.

(दुकानदाराला त्याच्या सोयीचं वाक्य बरोबर सापडतं. पण वाक्य खरं आहे.)

आत्या : तुला एक विचारते. ओहोटीला खाली चिखलात गेलोय, तिसऱ्या शोधायला. डोळ्यांना काय दिसतं? काही नाही. पायाला लागते तिसरी. कडक लागलं की वाकायचं, हात घालायचा. दगड असेल तर पायालाच कळतं की दगड आहे. कालवाची धार असली की अंगठा आपोआप वर होतो. चप्पल घालून मी काय शोधू? चिखलात चप्पलच शोधत बसेन.

भाचा : ते काम झालं. सुखाचं काय?

आत्या : सुखाचं वेगळं काय असतं? थंडीत पहाटे खाली गेलं की वाळू गार आणि पाणी कोमट. पाय पाण्यात घातला की बरं वाटतं. मे महिन्यात दुपारी घरात आलं की शाबादी फरशीवर पाय ठेवायचा. पूर्वी शेणाने सारवलेलं होतं, ते त्याहून चांगलं. आता तुम्ही त्या चकचकीत टाइल्स घातल्या. पाय ठेवला की दगडावर ठेवल्यासारखा. तळहात आपटून बघ तिच्यावर. मग टाच दुखते, मग डॉक्टर म्हणतो घरात चप्पल घाला. जमीन तुम्ही कडक केली आणि दोष माझ्या पायाला.

हा मुद्दा मला फार पटला. टाचेच्या दुखण्याने हैराण झालेली कितीतरी मंडळी फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर हैराण झालेली दिसतात. वजन, वय, तासन्‌तास ओट्याजवळ उभं राहणं ही कारणं आहेतच, पण पायाखालची टाइल कुणी मोजत नाही.

भाचा : आत्या, तू आता जे सगळं बोललीस ना, ते पायाला कळण्यावर आहे. तिसरी कळते, कालव कळतं, पाणी कोमट आहे ते कळतं. साखर तेच आधी नेते.

आत्या : मला सगळं कळतं अजून.

भाचा : आज कळतं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, साठीचे गृहस्थ. एका पायात चप्पल, दुसरा उघडा. मला वाटलं तुटली असेल. म्हटलं, काका, दुसरी कुठेय? ते खाली बघतात तर चप्पलच नाही. स्टेशनच्या जिन्यावर कधी तरी निसटली, आणि तिथून दुकानापर्यंत यांना पत्ता नाही की आपला एक पाय रस्त्याला लागतोय. दुपारची वेळ, डांबर तापलेलं. तळव्याला फोड आला होता. दुखत नव्हता, म्हणून ते निवांत होते.

आत्या काही बोलल्या नाहीत.

पायातून चप्पल निसटली आणि कळलं नाही, हे मधुमेहाने नसांवर परिणाम केल्याचं डॉक्टरांना चांगलं ओळखीचं लक्षण आहे. राठ तळवा ही वेगळी गोष्ट. केनियातल्या आणि बोस्टनमधल्या माणसांचे तळवे तपासून डॅनिएल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2019 साली 'नेचर'मध्ये दाखवलं की अनवाणी चालून जाड झालेल्या कातडीमुळे पायाची जाणीव बोथट होत नाही. आतल्या नसांपर्यंत जमीन पोचतेच. म्हणजे आत्यांची पन्नास-साठ वर्षांची कमाई खोटी नव्हती. पण त्या कमाईचा सगळा भार नसांवर आहे, आणि साखर वाढलेली राहिली तर नसाच साथ सोडतात. मग काच शिरते, दुखत नाही, जखम चिघळते, आणि प्रकरण बोट कापण्यावर जातं. या एका ठिकाणी वादात दोन बाजू नाहीत.

भाचा : आणि आपल्या धंद्यात काटे कमी आहेत का? शिंगाळ्याचा काटा लागलाय ना तुला? पाकटाचा?

आत्या : पाकटाचा काकांना लागला होता. रात्रभर ओरडत होते. गरम पाण्यात पाय बुडवून बसवलं.

भाचा : 2013 ला गिरगाव चौपाटीवर काय झालं होतं, विसरलीस? दीड दिवसाच्या गणपतीला माणसं पाण्यात उतरली आणि पाकटांनी पटापट डंख मारले. केवढी माणसं इस्पितळात गेली. सगळे अनवाणी.

आत्या : पाकटाचा काटा तुझ्या रबरातून आरपार जाईल. आम्ही पाय उचलून टाकत नाही पाण्यात, घासत नेतो. पाकट कळून आधीच पळतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चप्पल नव्हती म्हणून नाही झालं ते.

(घासत चालण्याची ही रीत जगभरच्या किनाऱ्यांवर सांगतात. इथे गुण आत्यांना.)

भाचा : बरं, पाऊस धर. 2018 च्या जुलैत अख्खी वसई पाण्यात होती. त्या पाण्यातून तू अनवाणी फिरलीस. उंदराचं मूत त्यात, पायाला भेगा. लेप्टो त्या भेगांतून शिरतो.

आत्या : ते चुकलंच. समुद्राचं पाणी निराळं, गटाराचं निराळं. गटारातून मी आता नाही जात.

ही आत्यांनी दिलेली पहिली कबुली. भाच्याने ती धरून पुढे रेटायला हवं होतं, पण तो भलत्याच वाटेला गेला, आणि मला वाटतं तीच वाट जास्त महत्त्वाची होती.

भाचा : आत्या, तू म्हणतेस तुम्हाला चप्पल लागतच नव्हती. आजीला परवडत होती का?

आत्या : नव्हती.

भाचा : मग?

आत्या : मग काय? पाटी डोक्यावर आणि पाय मोकळे, अशीच गेली ती जन्मभर. मला पहिली चप्पल लग्नात मिळाली. चावली. पाय फोडला तिने. काढून ठेवली ती लेकीच्या बारशाला घातली.

भाचा : म्हणजे आवडीचा प्रश्नच नव्हता. नसलेल्या गोष्टीला आवड म्हणायचं. माझ्याकडे मराठवाड्यातले एक म्हातारे येतात, मुलाकडे नालासोपाऱ्याला असतात. दरवेळी चांगली, चामड्याची, करकर वाजणारी चप्पल मागतात. एकदा म्हणाले, आमचा बाप पाटलाच्या आळीतून जाताना चपला काखेत मारून जायचा. पायात दिसल्या तर मार बसायचा. मला वाजणारीच दे. सांग आता, त्यांना जाऊन सांगशील अनवाणी किती छान असतं?

आत्या : नाही सांगणार. त्याने वाजवतच जावं.

थोडा वेळ चहाच्या कपांचाच आवाज होता. महाराष्ट्राच्या गावोगाव दलितांवर ही सक्ती होती आणि ती फार जुनी गोष्ट नाही. पन्नाशी-साठीतल्या माणसांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ती ऐकलेली आहे. बाबासाहेबांचा पुतळा सूट-बूट घातलेला असतो, त्यातल्या बुटाकडे आपण पुरेसं बघत नाही. अनवाणीपणाचे गोडवे गाणाऱ्या शहरी माणसाने हा हिशेब आधी चुकता करावा. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी, त्यातले बरेचसे आदिवासी, सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईत आले. दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. सोलपटलेल्या तळव्यांचे फोटो पेपरात आले आणि मुंबईकरांनी चपला आणून दिल्या. त्या पायांना कुणी निसर्गाशी नातं वगैरे म्हणालं नाही, हे बरं झालं. बारामतीच्या लता भगवान करे नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारीत अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला, पण धावताना त्या अनवाणीपणाचा प्रयोग करत नव्हत्या.

चप्पल दाराशी आहे आणि आपण ती काढून ठेवली, तर सुख. चप्पल नाहीच, किंवा असूनही घालू दिली नाही, तर ते सुख नव्हे. चित्रकार मकबूल फिदा हुसेन हे पंढरपुरात जन्मलेले; हिंदी कवी मुक्तिबोधांच्या मृत्यूनंतर, 1964 पासून, त्यांनी जोडे सोडले असं सांगतात. मुंबईच्या एका मातबर क्लबाने त्यांना अनवाणी म्हणून दारातून परत पाठवलं, त्याची बातमी झाली. रोज हजारो अनवाणी माणसं अशी परत जातात, त्याची होत नाही.

आत्या : तुझं सगळं ऐकलं. आता माझं एक ऐक. नवरात्रात नऊ दिवस चपला कोण घालत नाही?

भाचा : ते देवीचं आहे.

आत्या : देवीचंच. गल्ल्यावर अनवाणी बसून लोकांना चपला विकतोस. जीवदानीच्या पायऱ्या अनवाणी चढतोस. आणि दसऱ्याला मला काय म्हणालास?

भाचा : (हसत) आठवत नाही.

आत्या : म्हणालास, आत्या, चप्पल घालावीशी वाटत नाही.

पकडला गेला. मग सांगू लागला. पहिले दोन दिवस प्रत्येक खडा टोचतो, माणूस खाली बघूनच चालतो. तिसऱ्या दिवसापासून पाऊल हलकं पडायला लागतं, टाच आपटत नाही. दुकानासमोरच्या रस्त्याला कुठे उतार आहे हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, ते नवरात्रात कळलं. सोमवारी रात्री लोक सिद्धिविनायकाला चालत निघतात तेव्हा डांबर गार झालेलं असतं, आणि सगळ्यांच्या पावलांचा मिळून जो मऊ आवाज येतो तो चपलांचा येत नाही, असंही म्हणाला. चप्पल विकणाऱ्या माणसाने एवढं बोलावं हे धाडसच. वारीत पालखीत पादुका असतात आणि सोबत चालणाऱ्यांत कितीतरी जण अनवाणी. आपल्याकडे पायताणाची पूजाही आहे आणि ते काढून ठेवण्याचंही मोल आहे.

आत्या : मग तुझे नऊ दिवस देवीचे, माझे बाकीचे समुद्राचे.

भाचा : माझ्या नऊ दिवसांत मला साखर नसते, आत्या.

पुन्हा तिथेच आलो. शेवटी चर्चा व्यवहारावर आली, तशी ती आधीच यायला हवी होती. भाच्याने तोडगा काढला : दोन जोड. एक रस्त्याचा, एक फक्त खळ्याचा, जो खळ्याच्या बाहेर जाणार नाही, धुऊन तिथेच टांगायचा. पंजा मावेल असा रुंद पट्टा तो मोच्याकडून लावून देणार. रोज रात्री तळवे आरशात बघायचे, सुनेला दाखवायचे. आत्यांनी रस्त्याचा जोड कबूल केला. आरसा कबूल केला. खळ्याच्या जोडाला "बघू" म्हणाल्या, आणि ओहोटीच्या वाळूत काही घालणार नाही हे स्वच्छ सांगून टाकलं.

भाचा : वाळूत तर आधी घाल! काय पडलेलं असतं तिथे हल्ली, तुला माहीत आहे.

आत्या : माहीत आहे. माझी वाळू अशी नव्हती. पूर्वी फार तर शिंपला लागायचा. आता बाटल्या. पोरं वसईच्या किल्ल्यात येतात, फोटो काढतात, पितात, तिथेच फोडतात. भरतीला काचा इकडे येतात. मी चप्पल घालायची, कारण त्यांनी बाटली फोडली?

मला विचाराल तर साखरेच्या बाबतीत भाचा शंभर टक्के बरोबर आहे आणि आत्यांनी तिन्ही ठिकाणी चप्पल घालावी. पण हा शेवटचा प्रश्न आत्यांचा एकटीचा नाही, आणि त्याचं उत्तर चपलेच्या दुकानात मिळणारही नाही. ज्यांना साखर नाही अशी पन्नास माणसं रोज त्या वाळूत कामाला उतरतात, त्यांची मुलं तिथेच खेळतात. अनवाणी चालता येईल एवढी जमीन स्वच्छ ठेवणं हे महापालिकेचं काम आहे तसं येणाऱ्यांचंही.

तेव्हा रविवारी वसईचा किल्ला बघायला, प्री-वेडिंगचे फोटो काढायला किंवा नुसते सूर्यास्ताला पाचूबंदरला याल, तर आणलेली बाटली परत घेऊन जा, निदान फोडू नका. कुणाचा जवळा वाळत घातलेला दिसला तर त्यात चप्पल घालून शिरू नका. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज रात्री त्यांचे तळवे बघा.